लष्कर ते लास्कर : हाँगकाँग बंदरातील आपली माणसे

मराठीत 'लष्कर' म्हटले की फौज डोळ्यांपुढे येते. पुण्याच्या कॅम्पाला जुनी माणसे अजूनही लष्करच म्हणतात. उर्दूतही 'लश्कर' म्हणजे फौजच. शब्द मूळचा फारसी. परंतु हाच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी गेला, त्यांच्याकडून इंग्रजांकडे आला आणि वाटेत त्याचा अर्थ पार बदलून गेला. इंग्रजांच्या दप्तरात 'लास्कर' म्हणजे त्यांच्या जहाजावर राबणारा हिंदुस्थानी खलाशी. घोड्यावर बसणारा शब्द डेकवर फडके मारू लागला, भट्टीत कोळसा ओढू लागला.

या शब्दाची एक गल्ली हाँगकाँग शहरात आहे. एक नव्हे, दोन आहेत. 'अपर लास्कर रो' आणि 'लोअर लास्कर रो'. म्हणजे वरची खलाशी आळी आणि खालची खलाशी आळी. या दोन गल्ल्या आम्हाला दाखवल्या त्या आमच्या एका जुन्या मित्राने. तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचा, बोटवाल्यांच्या घराण्यातला. पणजोबा बोटीवर, आजोबा बोटीवर, वडील बोटीवर. हा मात्र बोटीवर न जाता बोटींचे कागद सांभाळण्याच्या नोकरीसाठी हाँगकाँगला गेला आणि तिथेच स्थिरावला. मे महिन्याच्या सुटीत त्याच्या आग्रहावरून आम्ही तिकडे आठ दिवस काढले. उंच इमारती, रोषणाई, बाजार हे सर्व पाहिले. त्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. आम्ही लिहिणार आहोत ते त्या शहरात सापडलेल्या आपल्या माणसांविषयी.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. उर्दूत इतिहासाला 'तारीख' म्हणतात आणि मराठीत तारीख म्हणजे फक्त दिनांक. शाळेत गत अशी झाली आहे, की उर्दूतली तारीखसुद्धा मराठीतल्या तारखेइतकीच उरली आहे. अमुक बादशहा गादीवर आला, अमुक साली लढाई झाली. मुलांना विचारले, की आपला इतिहास कोणाचा, तर ती बादशहांची नावे सांगतात. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांत गादी पाहिलेली नाही, केवळ वल्हे, करवत आणि हातमाग पाहिला आहे, त्या मुलांनी आपला इतिहास तख्तावर शोधावा, हे आम्हाला नेहमी खटकत आले आहे. हाँगकाँगमध्ये या प्रश्नाला वेगळीच वाट फुटली.

प्रथम बंदराविषयी. २६ जानेवारी १८४१ रोजी इंग्रजांनी हाँगकाँग बेटावर आपले निशाण रोवले. पहिले अफूचे युद्ध तेव्हा चालू होते. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला आणि बेट रीतसर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे १८६० मध्ये समोरचा कौलून आणि १८९८ मध्ये ९९ वर्षांच्या पट्ट्याने मागचा मोठा मुलूख त्यांनी घेतला. १ जुलै १९९७ रोजी हे सगळे चीनकडे परत गेले. शाळेच्या पुस्तकात इतके सापडते. जे सापडत नाही ते असे, की नानकिंगचा तह ज्या जहाजावर झाला ते 'कॉर्नवॉलिस' नावाचे लढाऊ जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेले होते. १८१३ साली जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ते पाण्यात उतरले. तहावर सही करणारे हात इंग्रजांचे आणि चिन्यांचे होते. पायाखालची फळी मुंबईची होती.

बेट आणि कौलून यांच्यामध्ये जी खाडी आहे तिच्यावरून 'स्टार फेरी'च्या हिरव्या-पांढऱ्या होड्या दिवसभर ये-जा करतात. दहा मिनिटांचाही प्रवास नाही, पण शहर पाहावे तर या होडीतूनच. मित्राने आम्हाला पहिल्या सकाळी तिथेच नेले आणि विचारले, "मास्तर, ही कंपनी कोणी काढली सांग बघू?" आम्ही अर्थातच इंग्रजाचे नाव घेतले असते, पण त्याने आधीच सांगून टाकले. दोराबजी नौरोजी मिठाईवाला! आडनावावरूनच माणूस कुठला ते कळते. या पारशी गृहस्थांनी १८८८ मध्ये कौलून फेरी कंपनी काढली आणि १८९८ मध्ये तिचेच नाव स्टार फेरी झाले. हाँगकाँग विद्यापीठाची पहिली इमारत उभी राहिली तीही मुंबईहून गेलेल्या होरमसजी नौरोजी मोदी यांच्या दीड लाख डॉलरच्या देणगीवर. बोहरा समाजाची अब्दुलअली इब्राहिम ही पेढी हाँगकाँगमध्ये १८४२ सालापासूनची. म्हणजे इंग्रजांच्या निशाणामागोमाग मुंबईचा माल, मुंबईचा पैसा आणि मुंबईची माणसे त्या बेटावर उतरली.

पण माल आपोआप उतरत नाही. तो वाहून नेणारे कोण होते, हे पाहायचे तर खलाशी आळीत जावे लागते.

हॉलिवूड रोड म्हणून एक जुना रस्ता आहे. त्यावर मानमो नावाचे चिन्यांचे प्राचीन धाटणीचे मंदिर आहे. आत छताला उदबत्त्यांची मोठमोठी वेटोळी टांगलेली असतात आणि धुराने डोळे चुरचुरतात. मंदिरासमोरून पायऱ्या उतरले की अपर लास्कर रो लागते. आज तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पितळी घंटा, चिनी मातीच्या फुलदाण्या, माओचे बिल्ले, जुनी घड्याळे, नाणी. प्रवासी तिला 'कॅट स्ट्रीट' म्हणतात. खलाशी तिथे एकही नाही. ते राहत होते, खानावळीत जेवत होते, पुढच्या बोटीची वाट पाहत होते, त्याची खूण फक्त पाटीवर उरली आहे. पाटीवर इंग्रजीत 'लास्कर' आहे आणि चिनी लिपीत 'मोलो'. हा मोलो म्हणजे कोण? जाणकार सांगतात, की हा पोर्तुगीजांनी मुसलमानांना लावलेल्या 'मूर' या शब्दाचा चिनी उच्चार. हळूहळू तो सर्वच हिंदुस्थानी लोकांना चिकटला. शीख पहारेकरीसुद्धा मोलो आणि पारशी सावकारसुद्धा मोलो! पुढे त्याला हेटाळणीचा वासही आला. मित्र म्हणाला, "इथे नवीन आलो तेव्हा मागून कोणी असे म्हटले की मी वळून बघायचो. आता नाही बघत."

हे लास्कर कुठले होते? अनेक ठिकाणचे. बंगालमधल्या सिल्हेटचे होते, गुजरातच्या किनाऱ्याचे होते. पी अँड ओ या बड्या इंग्रज कंपनीची टपालबोट १८४५ पासून हाँगकाँगला येऊ लागली. पुढे तिच्या बोटींवर कामाची वाटणीच ठरून गेली. डेकवर कोकणी मुसलमान, खाली इंजिनाच्या भट्टीवर पंजाबी आणि पठाण मुसलमान, वर साहेबांच्या जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती. डेकवरचा हा जमाव बहुतांशी रत्नागिरी जिल्ह्यातला असे. त्यांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी. सुकाणू धरणारा तो सुकानी. इंग्रजांनी हे शब्द जसेच्या तसे उचलले. गोऱ्या अधिकाऱ्याला या माणसांशी बोलता यावे म्हणून टॉमस रोबक याने १८११ मध्ये खलाशांच्या हिंदुस्थानीचा एक शब्दकोशच छापला. आमच्यासारख्या भाषा शिकवणाऱ्याला याचे मोल वाटते. उर्दूचा उगम सांगताना आम्ही लश्कर, बाजार आणि दरबार सांगतो. जहाजाचे डेक सांगत नाही. तिथे अरबी, फारसी, पोर्तुगीज, कोकणी आणि गुजराती एकाच दोराला लावून ओढली जात होती.

सारंगाचे वजन मोठे. तोच गावातून माणसे निवडी, तोच त्यांना कामाला लावी. एका बोटीवर अर्धा गाव एकाच मोहल्ल्यातला, नात्यातला असे. यात आधारही होता आणि पिळवणूकही होती. नोकरीसाठी सारंगाचा हात ओला करावा लागे. १९१४ मध्ये ब्रिटिश जहाजांवर सुमारे ५१ हजार लास्कर होते. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा जेमतेम एक हिस्सा त्यांना मिळे. आणि राहायला जागा? गोऱ्या खलाशाला ७२ घनफूट तर हिंदुस्थानी खलाशाला ३६ घनफूट जागा, असा एके काळी कायदा होता. आम्ही गणिताचे शिक्षक नाही, पण हा हिशेब कोणीही करू शकेल. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच. मित्राला हे सांगितले तेव्हा तो गल्लीतल्या पायरीवर बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "ही तर कबरीची मापे झाली."

खलाशी आळीतून वर चढत गेले की शेली स्ट्रीटवर जामिया मशीद येते. हाँगकाँगमधली ही सर्वांत जुनी मशीद. चढण एवढी उभी आहे, की १९९३ मध्ये सरकारने तिथे सुमारे ८०० मीटर लांबीचे सरकते जिने बसवले. पूर्वीचे नमाजी हा डोंगर पायी चढत. १८५० साली जागा मिळाली, सुरुवातीला लहान मशीद होती आणि आजची इमारत १९१५ ची. चहूकडून पन्नास-पन्नास मजली इमारतींनी घेरलेली, कमानीदार खिडक्यांची, एका मिनारची, फिकट हिरव्या रंगाची ही मशीद पाहून आम्हाला आपल्याकडच्या एखाद्या कसब्याची आठवण झाली. बाजूच्या गल्लीचे नाव इंग्रजीत मॉस्क स्ट्रीट. चिनी नावाचा अर्थ 'मोलोंच्या देवळाची गल्ली'! आवारात मुसाफिरखाना म्हणून बांधलेली जुनी तीनमजली इमारत आहे. ज्याला त्या शहरात कोणी नव्हते त्याला मशिदीने छप्पर दिले. मे २०२२ मध्ये सरकारने या मशिदीला संरक्षित स्मारक जाहीर केले.

दारावर एक शिळा आहे. १९१५ साली ही मशीद बांधून देणाऱ्याचे नाव तिच्यावर आहे. हाजी मोहम्मद इसाक इलियास, आणि पुढे गावाचे नाव : मुंबई. आम्ही दोघे ते नाव वाचत बराच वेळ उभे होतो. हजारो मैलांवर मुंबई या अक्षरांनी मन भरून येते, हे खरे. आत जाऊन आम्ही जोहरची नमाज अदा केली. तिथला किब्ला पश्चिमेला, म्हणजे आपल्याच देशाच्या दिशेला आहे. कोकणातला खलाशी इथे सफेत उभा राहिला असेल तेव्हा त्याचे तोंड काबागृहाकडे होते आणि वाटेत त्याचे घरही होते.

इथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्यावरून आम्हा दोघांचा वादही झाला.

हाँगकाँग वसले ते अफूवर. चीनच्या बादशहाने अफूला बंदी केली होती. बिहार-बनारसकडची अफू ईस्ट इंडिया कंपनी कलकत्त्यात लिलावाने विके. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई. १८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने २० हजारांहून अधिक पेट्या जप्त करून समुद्रकाठी नष्ट केल्या आणि त्या निमित्ताने इंग्रजांनी युद्ध पुकारले. त्या पेट्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. सर जमशेटजी जीजीभॉय हे मुंबईतले त्या व्यापारातले बडे नाव. नानकिंगचा तह झाला त्याच १८४२ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. पुण्यात ज्यांच्या नावाचे हॉस्पिटल आहे ते ससून घराणे बगदादचे यहुदी, तेही या व्यापारात. आणि जमशेटजींचे भागीदार कोण? एक जैन, मोतीचंद अमीचंद. दुसरे कोकणी मुसलमान, महंमद अली रोघे. याच रोघे घराण्यातले पुढच्या पिढीतले नाखुदा महंमद अली रोघे हे बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या बरोबरीने १८७४ मध्ये अंजुमन-इ-इस्लाम स्थापन करणाऱ्यांपैकी एक. मुंबईत मुसलमान मुलांना आधुनिक शिक्षण मिळाले त्यात या नावाचा वाटा मोठा आहे.

मशिदीच्या पायऱ्यांवर आम्ही हे बोललो तेव्हा मित्र एकदम गंभीर झाला. म्हणाला, "हे तू लिहिणार आहेस?"

"लिहिणार."

"कशाला? आधीच आपल्याकडे बोटे दाखवायला लोक टपलेले आहेत. त्यात आपणच काढून द्यायचे? लिहायचे तर मशीद लिही, खलाशी लिही, देणगी लिही. अफू लिहून कोणाचे भले होणार?"

त्याचे म्हणणे आम्हाला समजत होते. गेल्या काही वर्षांत मुसलमानांचा इतिहास म्हणजे आरोपपत्र, असा रिवाज पडला आहे. अशा वेळी घरातला काळा डाग स्वतःहून उजेडात कोण आणील? परंतु आमचे उत्तर वेगळे होते आणि आहे. एक तर हा डाग एकट्या आपला नाही. त्या पेटीवर पारशी, जैन, यहुदी, मुसलमान आणि सर्वांच्या वर इंग्रज, सगळ्यांचे हात होते. तिला धर्म नव्हता, नफा होता. दुसरे असे, की आपण लिहिले नाही म्हणून ती गोष्ट नाहीशी होत नाही. दुसरा कोणी तिच्यातले अर्धेच लिहितो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या जहाजांनी पेट्या नेल्या त्याच जहाजांवर आपले खलाशीही होते. मालकाचे नाव शिळेवर आणि किताबात राहिले. खलाशाला ना नफा मिळाला, ना नाव. आपला इतिहास म्हणून फक्त देणगीदार सांगितला, तर आपण त्या ३६ घनफुटांतल्या माणसावर दुसऱ्यांदा झाकण घालतो. मालक आणि मजूर दोघेही आपलेच होते, एवढे कबूल केले तरच ही तारीख खरी होते.

मित्र गप्प राहिला. त्याला पटले असे आम्ही म्हणणार नाही. तो एवढेच म्हणाला, "लिहिशील तर पुरे लिही. अर्धे नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही कौलूनला गेलो. नेथन रोड या हमरस्त्यावर, कौलून पार्कच्या कोपऱ्यावर पांढरीशुभ्र मोठी मशीद आहे. हे पार्क म्हणजे पूर्वीची इंग्रजांची व्हिटफिल्ड बराक. तिथल्या हिंदुस्थानी मुसलमान सैनिकांसाठी १८९६ मध्ये इथे पहिली मशीद उभारली गेली. म्हणजे लष्कर या शब्दाचे दोन्ही अर्थ या एका शहरात भेटतात. खाडीच्या त्या काठाला खलाशी, या काठाला फौज. १९७०च्या दशकात भुयारी रेल्वेच्या कामाने जुनी मशीद खिळखिळी झाली. नवी इमारत ११ मे १९८४ रोजी सुरू झाली. ११ मीटर उंचीचे चार मिनार, संगमरवर आणि सुमारे साडेतीन हजार नमाजींची सोय. तिचा आराखडा करणारे आय. एम. काद्री हे मुंबईचे वास्तुविशारद. वरळीचे नेहरू सेंटर त्यांचेच. १९१५ च्या मशिदीला मुंबईचा पैसा लागला होता, १९८४ च्या मशिदीला मुंबईची कल्पकता लागली.

या मशिदीने अलीकडे आणखी एक दिवस पाहिला. २० ऑक्टोबर २०१९ रोजी शहरात सरकारविरोधी मोठे आंदोलन चालू असताना पोलिसांच्या गाडीने निळे रंगीत पाणी मशिदीच्या दारावर मारले. फाटक आणि पायऱ्या निळ्या झाल्या. तेव्हा मुसलमानांबरोबर शेजारपाजारचे चिनी लोकही फडकी घेऊन धुवायला आले. दुसऱ्या दिवशी शहराच्या मुख्य प्रशासक कॅरी लॅम मशिदीत येऊन माफी मागून गेल्या. ज्यांना एकेकाळी मोलो म्हणून बाजूला ठेवले त्यांच्या मशिदीची पायरी आपली समजणारे लोक त्या शहरात आहेत, हेही याच तारखेत नोंदवले पाहिजे.

फौजेच्या गोष्टीतले एक नाव प्रत्येक उर्दू शाळेत माहीत असायला हवे. कॅप्टन मतीन अहमद अन्सारी. ते हैदराबादचे, सातव्या राजपूत रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीतले. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपान्यांनी हाँगकाँगवर हल्ला केला आणि २५ डिसेंबरला शहर पडले. अन्सारी कैद झाले. निजामाच्या घराण्याशी त्यांचे नाते असल्याचे कळताच जपान्यांनी त्यांना इंग्रजांविरुद्ध फितवण्याचा प्रयत्न केला. ते फिरले नाहीत. उलट कैद्यांना पळून जाण्यास मदत केली. त्यांचे अतोनात हाल करण्यात आले आणि २९ ऑक्टोबर १९४३ रोजी तिसाहून अधिक इंग्रज, चिनी व हिंदुस्थानी कैद्यांबरोबर त्यांचा शिरच्छेद झाला. मरणोत्तर त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला. बेटाच्या दक्षिण टोकाला स्टॅनलेच्या लष्करी कबरस्तानात त्यांची कबर आहे. आम्ही तिथे जाऊन फातिहा पढलो. समोर निळा समुद्र होता. साम्राज्याच्या फौजेत राहून साम्राज्यासाठी मरणे यावर मतभेद होऊ शकतात. सोबत्यांना दगा न देणे यावर होऊ शकत नाहीत.

अन्सारींना कबर मिळाली, तिच्यावर नाव आहे. आमच्या मित्राला दुसरेच नाव शोधायचे होते. त्याचे पणजोबा सारंग होते आणि 'चीन बंदरात वारले' एवढेच घरात सांगत आले आहेत. गावच्या घरात त्यांनी आणलेली कापुराच्या लाकडाची चिनी पेटी अजून आहे. तीत आता लेपा-गोधड्या असतात आणि उघडली की वास येतो. हाँगकाँगच्या हॅपी व्हॅली भागात एका ओळीत अनेक कबरस्ताने आहेत. मुसलमानांचे, कॅथलिकांचे, प्रोटेस्टंटांचे आणि पारशांचे. मुस्लिम कबरस्तान १८७० चे. समोर घोड्यांच्या शर्यतीचे प्रचंड मैदान. इथल्या दगडांवर उर्दू आहे, अरबी आहे, इंग्रजी आहे आणि चिनीही आहे. कलमा अरबीत आणि खाली नाव चिनी अक्षरांत, अशाही कबरी दिसल्या. त्या चिनी मुसलमानांच्या. इथे राहिलेल्या अनेक हिंदुस्थानी मुसलमानांनी चिनी बायकांशी निकाह केले. त्यांच्या कँटोनीज बोलणाऱ्या वंशजांना 'लोकल बॉय' म्हणत.

आम्ही दोघे दोन तास ओळीओळीने हिंडलो. व्यापारी सापडले, हवालदार सापडले. सारंग सापडला नाही. सापडण्याची आशा तरी किती होती? ज्याच्या जमातीजवळ दगडाचे पैसे नव्हते त्याची माती झाली. जो बोटीवर वारला त्याला कफन गुंडाळून, नमाज पढून पाण्यात सोडला. जहाजाच्या हजेरीपटावर इंग्रज कारकून ऐकू येईल तसे नाव लिही. गाव नाही, आडनाव नाही. अब्दुल, इब्राहिम, हसन. यातला कोणता अब्दुल कोणाचा पणजोबा, कसे ओळखावे? शेवटी मित्राने कबरस्तानाच्या पायऱ्यांवर उभे राहून सगळ्यांसाठी मिळून दुआ मागितली. म्हणाला, "यात असतील तर पोचेल. समुद्रात असतील तरी पोचेल."

या ठिकाणी वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. खलाशांची नावे अगदीच पुसली गेलेली नाहीत. ती आपल्याजवळ, मुंबईत आहेत. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या २ हजारांहून अधिक हिंदुस्थानी खलाशांचे तिथे स्मारक आहे आणि त्यांच्या नावांची नोंद ठेवलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या हजारो खलाशांचीही आहे. मुंबईला सहल नेणाऱ्या शाळा गेटवे दाखवतात, राणीचा बाग दाखवतात, हाजी अली दाखवतात. मस्जिद स्टेशनपासून चालत जाता येईल असे हे स्मारक कोणी दाखवत नाही. रत्नागिरी-रायगडच्या उर्दू शाळांतली कितीतरी मुले या नावांची नातवंडे-पणतवंडे असतील.

शेवटचा दिवस रविवारचा होता. वानचाय भागात अम्मार मशीद आणि उस्मान रमजू सादिक इस्लामिक सेंटर अशी १९८१ ची आठमजली इमारत आहे. पाचव्या मजल्यावर खानावळ आहे आणि तिथे हलाल 'डिम सम', म्हणजे वाफवलेले चिनी मोदक, मिळतात. वेताच्या टोपल्या उघडायच्या आणि बिस्मिल्ला म्हणून खायचे. तिथून आम्ही व्हिक्टोरिया पार्ककडे गेलो. सारे मैदान डोक्याला स्कार्फ बांधलेल्या बायकांनी भरलेले होते. या इंडोनेशियाच्या मोलकरणी. आठवड्यातली एकच सुटी. तेवढ्यात पुठ्ठे अंथरून बसतात, डबे सोडतात, कुराण पढतात, घरच्या लेकरांशी फोनवर बोलतात. हाँगकाँगमध्ये सुमारे ३ लाख मुसलमान आहेत आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास इंडोनेशियाचे, बहुतेक घरकाम करणाऱ्या बायकाच. दुसऱ्याच्या घरातली एखादी खोली, कधी स्वयंपाकघराचा कोपरा, ही त्यांची जागा. घनफूट मोजणारा कायदा बदलला. मोजली जाणारी माणसे बदलली. बंदर तेच आहे.

मित्र म्हणाला, "शंभर वर्षांनी यांच्या नावाची पण एखादी गल्ली असेल."

असेलही. गल्लीचे नाव मिळणे हा सन्मान आहे, पण तो माणूस संपल्यावर मिळणारा सन्मान आहे. इतिहास शिकवणाऱ्याचे काम त्याच्या आधीचे. मुलांना तख्त जरूर शिकवावे, ताजमहाल जरूर दाखवावा. पण त्याच वर्गात एकदा विचारावे, की तुमच्यापैकी कोणाच्या घरी कोणी बोटीवर होते? हात वर होतील. मग त्या मुलांनी घरी जाऊन आजीला विचारावे : ते कोणत्या बोटीवर होते, कुठे गेले, काय आणले, परत आले का? नाव, गाव, बोट आणि साल, एवढे चार रकाने वहीत भरून आणावेत. कारकुनाने हजेरीपटावर जे लिहिले नाही ते आपल्या मुलांच्या अक्षरात उतरेल. ते सांगू शकणाऱ्या आज्या दरवर्षी कमी होत आहेत, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.